प्रकल्प कधी संपतो, हे आधी विचारा

विद्यापीठातल्या संशोधनाच्या जागांची जाहिरात बहुधा दोन पानांची असते. पहिल्या पानावर जाहिरात क्रमांक, प्रकल्पाचं नाव, पद आणि मानधन, दुसऱ्यावर अटी. अर्जदार मानधनाचा आकडा आणि वयाची अट बघतो आणि लगेच अर्ज भरायला घेतो. आम्ही कोकणातून अशा जागांसाठी अर्ज केले, मुलाखती दिल्या, प्रकल्पांवर काम केलं आणि पुढे निवड समित्यांवरही बसलो. या सगळ्यातून आमचं एक मत पक्कं झालं आहे. ‘सदर पद निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाचे असून प्रकल्पाच्या कालावधीपुरते मर्यादित राहील’ ही दुसऱ्या पानावरची ओळ सगळ्यात आधी वाचावी, आणि तो कालावधी नेमका कोणत्या महिन्यात संपतो हे अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावं.

हिशेब साधा आहे. प्रकल्प सहसा तीन वर्षांचा असतो. त्याची तारीख मंजुरीपत्रापासून किंवा पहिला हप्ता जमा झाल्यापासून धरतात, तुम्ही रुजू झाल्यापासून नाही. पैसे येणं, जाहिरातीला मान्यता, मुलाखत, नेमणुकीचा आदेश यांत चार-सहा महिने सहज जातात. तुमच्या हाती राहतात अडीच वर्षं. पीएचडीला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं लागतात, कमाल सहा. त्याआधी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा), मग मुलाखत, आणि प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क. त्यामुळे प्रकल्पात जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून रुजू झालेल्या माणसाची पीएचडी त्याच प्रकल्पाच्या मुदतीत पुरी होत नाही. उरलेल्या काळाच्या पैशांची सोय कुठून करायची हा विचार रुजू होण्याआधीच व्हायला हवा.

कोकणात याला हंगामाची जोड आहे, आणि शहरातून येणाऱ्या उमेदवारांच्या ती लक्षात येत नाही. हापूसच्या मोहोराचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. खरीप भाताची रोपवाटिका जूनमध्ये. सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या पावसाळी वनस्पती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतात आणि पाऊस ओसरला की दिसेनाशा होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे ट्रॉलरवरून येणारे माशांचे नमुने दोन महिने मिळत नाहीत. आता समजा मोहोरावरचा प्रकल्प आहे, मुदत जानेवारीअखेर संपते आणि तुम्ही आधीच्या वर्षी मार्चमध्ये रुजू झालात. कागदावर अकरा महिने दिसतात. प्रत्यक्षात तुमच्या वाट्याला एकच मोहोर येतो, तोही अर्धा. एका हंगामाच्या निरीक्षणांवर प्रबंध तर सोडाच, धड शोधनिबंधही उभा राहत नाही. परीक्षक दुसऱ्या वर्षाची आकडेवारी मागतोच. म्हणून ‘किती महिने’ यापेक्षा ‘किती हंगाम’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

जाहिराती कुठे बघायच्या? दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) हे इथलं मोठं केंद्र. पण त्याच्या जागा फक्त दापोलीत नसतात. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, कर्जतचं भात संशोधन, पनवेलचं खारजमीन केंद्र, सगळीकडे प्रकल्प चालू असतात आणि नेमणुकीचं ठिकाण जाहिरातीत एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरी उपकेंद्र, आणि विद्यापीठाने संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिलेली महाविद्यालयं हीसुद्धा बघायची. सीमेपलीकडे दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ, वर वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था. सावंतवाडीच्या उमेदवाराला मुंबईपेक्षा गोवा जवळ पडतं, तरी तिथल्या जाहिराती आपल्याकडे उशिरा पोचतात. या सूचना ‘रिक्रूटमेंट’ पानावरच येतील असं नाही. कित्येकदा त्या निविदांच्या रांगेत किंवा विभागाच्या स्वतःच्या पानावर असतात, आणि शेवटची तारीख पंधरा दिवसांवर असते. आठवड्यातून एकदा सगळी पानं स्वतः उघडून बघणं, याला पर्याय नाही.

आणखी एक मार्ग फार कमी जण वापरतात. पैसे देणाऱ्या संस्था मंजूर प्रकल्पांची नावं प्रसिद्ध करतात. त्यात आपल्या विषयाचा आणि जवळच्या संस्थेचा प्रकल्प दिसला, की काही महिन्यांत तिथे जागा निघणार हे जवळपास ठरलेलं. जाहिरातीची वाट न बघता त्या मार्गदर्शकाला पत्र लिहून ठेवता येतं. संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं पूर्वीचं मंडळ सर्ब आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, म्हणजे एएनआरएफमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या नावाने शोधणाऱ्यांना नव्या सूचना सापडत नाहीत. राज्याच्या पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे प्रकल्प असतात. कृषी विद्यापीठांत आयसीएआरचे (भारतीय कृषी संशोधन परिषदेचे). तिथे पदाचं नाव जेआरएफऐवजी ‘यंग प्रोफेशनल’ असू शकतं, आणि अनुभव मोजताना पुढे कोणी ते कसं धरेल याची खात्री नसते.

‘जेआरएफ’ या तीन अक्षरांत दोन वेगळ्या गोष्टी असतात. सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) किंवा यूजीसीच्या परीक्षेतून मिळालेली जेआरएफ तुमच्या नावावर असते; मार्गदर्शक बदलला, संस्था बदलली तरी नियमात बसून ती बरोबर नेता येते. प्रकल्पातली जेआरएफ प्रकल्पाच्या नावावर असते. प्रकल्प संपला की ती संपली. ज्यांना स्वतःची फेलोशिप मिळू शकते त्यांनी प्रकल्पात असतानाही परीक्षा देत राहावी असं आमचं स्पष्ट मत आहे. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिपही आपापल्या गटातल्या उमेदवारांसाठी आहेत, पण त्यांना पीएचडीची नोंदणी आधी लागते. म्हणजे पुन्हा नोंदणीपाशीच येऊन थांबतो.

नोंदणी अडते ती बहुतेक मार्गदर्शकाच्या बाजूने. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्रकल्पाचा प्रमुख संशोधक अनुभवी, नावाजलेला असेल तर तो निवृत्तीजवळ असण्याची शक्यताही मोठी. प्रकल्प त्याच्याकडे, नोंदणी दुसऱ्याकडे असं करावं लागतं, आणि मग प्रबंधाचा विषय प्रकल्पाच्या कामाशी जुळवताना ओढाताण होते. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीचा प्रवेश देता येतो: ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला. फक्त पीएचडीसाठी पात्र ठरलेल्यांचे हे गुण एकच वर्ष चालतात. कृषी विद्यापीठांत पीएचडीचा प्रवेश वेगळ्या सामाईक प्रक्रियेतून होतो आणि पूर्णवेळ हजेरी लागते; प्रकल्पातली नोकरी आणि तिथली पीएचडी एकत्र चालेल का हे लेखी विचारावं.

मार्गदर्शकाला पाठवायच्या मेलमध्ये हेच विचारायचं. प्रकल्पाची अखेरची तारीख काय, तुम्ही कोणत्या विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहात आणि जागा शिल्लक आहे का, आणि मनुष्यबळाच्या शीर्षाखाली, म्हणजे निधीतल्या मानधनाच्या वाट्यात, किती महिन्यांचं मानधन मंजूर आहे. सोबत स्वतःबद्दल चार ओळी, आणि त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातल्या नेमक्या पद्धतीबद्दल एखादी ओळ. ‘आपल्या संशोधनाने मी प्रभावित झालो’ एवढंच लिहिलेले मेल रोज येतात आणि तसेच पडून राहतात. असे प्रश्न विचारल्याने कोणी नाराज होत नाही. उलट प्रकल्प कसा चालतो हे या माणसाला कळतं, अशीच नोंद मनात होते.

आता पैसे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेले दर असे: जेआरएफ पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यानंतर एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) ४२,०००. रिसर्च असोसिएटचे तीन स्तर, ५८,०००, ६१,००० आणि ६७,०००. घरभाडं वेगळं, शहराच्या वर्गाप्रमाणे. जाहिरातीत ‘कन्सॉलिडेटेड’ किंवा ‘एकत्रित मानधन’ लिहिलं असेल तर घरभाडं नाही असं समजावं. राज्याच्या आणि संस्थांच्या स्वतःच्या निधीतल्या प्रकल्पांना हे दर लागू असतीलच असं नाही. जेआरएफचा एसआरएफ आपोआप होत नाही. दोन वर्षांनी समिती बसते, कामाचं सादरीकरण होतं. ती बैठक घ्यायची आठवण तुम्हीच दोन महिने आधी लेखी द्या, कारण बैठक लांबली की वाढीव रक्कमही लांबते.

मानधन दर महिन्याला येईल ही अपेक्षा ठेवू नये. निधी वर्षाच्या हप्त्यांनी येतो. मार्चअखेर खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, जाऊन मंजूर झाल्यावर पुढचा हप्ता सुटतो. त्यामुळे एप्रिल ते जुलै हा कोरडा काळ असतो. नंतर थकबाकी एकदम मिळते, पण तोवर खोलीचं भाडं आणि खानावळ थांबत नाही. चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच रुजू व्हावं. या काळात कोणी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला जातं. ते करू नये. फेलोशिप घेत असताना दुसरीकडून मानधन घेता येत नाही आणि दोन्ही नोंदी एकाच पॅनवर दिसतात. वसुली निघाली तर आधीची फेलोशिपही अडकते.

कागदपत्रांत कोकणातले अर्ज ठरावीक ठिकाणी अडकतात. कृषी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर दहापैकी सरासरी असते आणि जाहिरात टक्के मागते. रूपांतराचं पत्र कुलसचिव कार्यालयातून घ्यावं लागतं, स्वतः गुणाकार करून लिहिलेलं चालत नाही. वयाची सवलत हवी असेल तर ओबीसी उमेदवाराला केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर वेगळं, आणि सेतूमध्ये सांगितल्याशिवाय ते राज्याचंच काढून देतात. मत्स्यविज्ञानवाल्यांनी आणखी एक बघावं: जाहिरातीत ‘एमएस्सी प्राणिशास्त्र किंवा सागरी विज्ञान’ असं लिहिलेलं असेल तर एमएफएस्सी (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) चालेल का हे शेवटच्या तारखेआधी मेलवर विचारून उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी. मुलाखतीच्या दिवशी पडताळणीच्या टेबलावर बसलेला कारकून जाहिरातीतले शब्दच बघतो, आणि तो बरोबरच करत असतो. मूळ प्रती, साक्षांकित संच, गुणपत्रिका प्रत्येक सत्राची, नेटचं प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रं. सगळं मिळून एकच पीडीएफ, नावात तुमचं आडनाव आणि जाहिरात क्रमांक.

प्रत्यक्ष मुलाखतीला प्रवासखर्च मिळत नाही आणि दहाला नोंदणी बंद होते. दापोलीसाठी रेल्वेने आलात तर खेडला उतरून पुढे एसटी, घाटाचा रस्ता. त्याच सकाळी पोचायचा बेत करू नये. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात आणि दरड आली तर त्याही थांबतात. गणपतीच्या आठवड्यात तर आरक्षण मिळतच नाही, म्हणून त्या दिवसांतल्या मुंबईच्या मुलाखतीला ऑनलाइन पर्याय देता येईल का हे आधीच विचारावं. बहुतेक समित्या मान्य करतात. ऑनलाइन असेल तर वीज गेली तरी चालेल असा फोन आणि लॅपटॉप भरून ठेवा. सादरीकरणाची फाइल आधीच समितीला पाठवून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी फोनवर बोलता येतं.

मुलाखत दहा-पंधरा मिनिटांची. प्रमुख संशोधक, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक तज्ज्ञ. एमएस्सीच्या प्रबंधावर दोन प्रश्न होतात आणि मग गाडी प्रकल्पावर येते. समजा विषय खडकाळ किनाऱ्यावरच्या शंख-शिंपल्यांचा आहे. ‘नमुने कधी घेणार?’ याला ‘ओहोटीला’ असं सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न येतो, ‘येत्या महिन्यात कोणत्या दिवशी, किती वाजता?’ इथे बरेच जण गप्प होतात. ज्याने किनाऱ्यावर काम केलं आहे तो सांगतो, की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली जातं आणि तेव्हाच खालचा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत तो पाण्यातच राहतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: पंचमीला पावणेचार, आणि तिथून सहा तासांनी, पावणेदहाला, ओहोटी. ऐन अमावास्येला ओहोटी सहाच्या आसपास लागते. हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो, म्हणून द्वितीया-तृतीयेची साडेसात ते सव्वाआठची ओहोटी कामाला बरी. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एका उधाणात सलग तीन-चार दिवसच धड मिळतात. एवढं सांगितलं, की एका दिवसात किती चौकटी (मोजणीसाठी खडकावर ठेवायचे ठरावीक मापाचे चौकोन) टाकून होतील, सहायक किती लागतील आणि वर्षभरात किती किनारे झेपतील याचा हिशेब आपोआप पुढे येतो आणि चर्चा बरोबरीच्या माणसांसारखी सुरू होते. गाळणी कोणत्या मापाची, नमुने फॉर्मॅलिनमध्ये की अल्कोहोलमध्ये, डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिन का नको, हेही विचारतात. पुस्तकी व्याख्या क्वचितच विचारल्या जातात.

परवानग्यांचा प्रश्न उमेदवाराने स्वतःहून काढला तर समितीला फार बरं वाटतं. खारफुटीत काम असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी, मालवणच्या सागरी अभयारण्यात असेल तर वेगळी. ती हातात यायला महिने जातात. परवानगीचा अर्ज रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात गेला नाही, तर एक हंगाम वाया गेलाच म्हणायचा.

पीएचडीनंतरच्या जागांचं गणित थोडं निराळं आहे. रिसर्च असोसिएटसाठी पीएचडी लागते, किंवा एमटेक, एमई, एमव्हीएस्सी, एमफार्म यांनंतर तीन वर्षांचं काम आणि किमान एक शोधनिबंध. तीनपैकी कोणत्या स्तरावर घेतील हे अनुभव बघून समिती ठरवते, तेव्हा अनुभवाची पत्रं तारखांसह हवीत. प्रबंध सादर करणं आणि मौखिक परीक्षा यांच्यामध्ये बरेच महिने जाऊ शकतात, आणि ‘पदवी प्रदान’ अशी अट असलेल्या जागा त्या काळात हातच्या जातात. एएनआरएफची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप या फटीत उपयोगी पडते, कारण प्रबंध सादर केलेल्यांनाही अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षं, वय ३५ पर्यंत, नियमाप्रमाणे सवलत वेगळी, आणि जिथे पीएचडी केली ती संस्था चालत नाही. यजमान मार्गदर्शक नियमित पदावरचा हवा, आणि त्याच्या संस्थेचं सहीशिक्क्याचं पत्र अर्जासोबत लागतं. छोट्या संस्थेत ते पत्र फिरून यायला दोन आठवडे धरा. दापोलीत पीएचडी केलेल्याने दोना पावला किंवा वर्सोव्याला प्रस्ताव नेला आणि नमुने कोकणातलेच ठेवले, तर जुना अनुभव आणि नवी प्रयोगशाळा दोन्ही पदरात पडतात. असे प्रस्ताव आम्हाला सगळ्यात दमदार वाटतात.

परदेशाबद्दल थोडंच. जर्मनीसारख्या देशांत पीएचडी ही नोकरी म्हणून जाहीर होते, प्रवेशपरीक्षा नसते. ‘ई १३, ६५ टक्के’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या वेतनश्रेणीच्या ६५ टक्के पगार, कर आणि विमा वजा होण्याआधीचा. युरोपची मारी क्युरी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत मिळते, आणि अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. अंतिम वेळ ब्रुसेल्सच्या पाच वाजताची असते. सप्टेंबरात ती आपल्याकडे रात्री साडेआठ. गणपतीचे आणि पावसाचे दिवस तेच, म्हणून अर्ज दोन दिवस आधी पाठवून मोकळं व्हावं. अर्जासाठी किंवा ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ पैसे मागणारी पोस्ट-डॉकची जाहिरात खोटी समजावी.

निवड झाल्यावर आदेशात पदनाम, प्रकल्प क्रमांक, रुजू होण्याची तारीख आणि अखेरची तारीख आहे का ते बघा. रुजू अहवालाची शिक्का मारलेली प्रत घरी न्या. जेआरएफ-एसआरएफना फक्त नैमित्तिक रजा असते, असोसिएटना संस्थेच्या नियमांप्रमाणे. प्रसूती रजा सगळ्यांना आहे, आणि परिषदेला किंवा कार्यशाळेला जाणं हे कर्तव्यकाळात धरतात. प्रकल्प संपायला सहा महिने उरले की मुदतवाढीचा विषय काढा. मुदतवाढ बहुधा ‘नो-कॉस्ट’ मिळते, म्हणजे वेळ वाढतो, पैसे वाढत नाहीत. मनुष्यबळाच्या शीर्षाखाली शिल्लक असेल तरच मानधन चालू राहतं, म्हणून ती शिल्लक लेखा विभागातून आकड्यात विचारा. सोडताना अनुभवाचं पत्र प्रमुख संशोधक पदावर असेपर्यंतच घ्या, तारखा, पदनाम आणि मानधनासह.